डोळे मिटले की बेल वाजते

इगतपुरीहून विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात लांबून ओळखू येतो. तो जिना सावकाश उतरतो. पोळीचा घास तोंडात गेला की बराच वेळ तिथेच असतो. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं की सगळी रांग पेटते, आणि हा मात्र घुसणाऱ्याकडे करुणेने बघतो. दुसऱ्या आठवड्यात तो जिना नेहमीसारखा उतरतो. तिसऱ्यात लिफ्टचं बटण तीनतीनदा दाबतो. चौथ्यात स्वतःच रांगेत घुसतो. फक्त घुसताना आपण घुसतोय हे त्याला स्पष्ट कळत असतं, एवढीच काय ती प्रगती.

शिबिर अवघड असतं यात वाद नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला डोळे मिटून बसायचं, आणि न्याहारी-जेवण-प्रवचन सोडलं तर रात्री नऊपर्यंत हेच. दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, ओळखीचं कुणी दिसलं तर हसायचंही नाही. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, म्हणजे आनापान, मग अंगभर फिरून संवेदना बघायच्या. गुडघे आपल्याला आहेत हे माणसाला तिथे पहिल्यांदा नीट कळतं. संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा, मुरमुरे आणि फळ मिळतं. जुन्या साधकाला नुसतं लिंबूपाणी. बढती मिळाली की मुरमुरे बंद.

पण हे सगळं अवघड असलं तरी एका अर्थाने फार सोयीचं असतं. घंटा दुसरा वाजवतो. डाळ दुसरा शिजवतो. फी नसते, कारण तुमचा खर्च तुमच्या आधी बसून गेलेल्या कुणी तरी दान देऊन भागवलेला असतो. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. ‘गॅस बुक केला का’, ‘मेंटेनन्स भरला का’ आणि ‘मावशीचा दोनदा फोन येऊन गेला, तुम्ही करणार आहात का नाही’ ही तीन वाक्यं दहा दिवस कानावर पडत नाहीत. एवढ्या बंदोबस्तात मन शांत झालं, तर त्यात मनाचं श्रेय किती आणि बंदोबस्ताचं किती, हे घरी आल्याशिवाय समजत नाही.

घरी पाठवताना तिथे सांगतात, आता रोज एक तास सकाळी बसा, एक तास संध्याकाळी बसा, आठवड्यातून एकदा सगळ्यांबरोबर बसा आणि वर्षातून एकदा शिबिराला या. हे इतक्या साध्या आवाजात सांगतात की ‘बसू की, त्यात काय’ असं वाटून जातं. इगतपुरी स्टेशनावर वडापाव खाईपर्यंत हा निश्चय पक्का असतो. गाडी कसाऱ्याचा घाट उतरू लागली की हिशोब सुरू होतो. सातच्या लोकलला जायचं म्हणजे साडेपाचला बसायचं, म्हणजे पाचला उठायचं, म्हणजे दहाला झोपायचं, म्हणजे साडेआठला जेवायचं, म्हणजे ऑफिसातून सहाच्या ठोक्याला निघायचं, म्हणजे नोकरी बदलायची. नियमित साधनेने झोपेची गरज कमी होते, असंही शिबिरात सांगतात. ही माहिती मी घरी मोठ्या उत्साहाने दिली.

“मग उद्यापासून दूध तुम्हीच आणा,” बायको म्हणाली.

पहाटे साडेपाचला सोसायटीत शांतता असते, हा समज उशिरा उठणाऱ्यांनी पसरवलेला आहे. पाण्याच्या टाकीचा पंप त्याच वेळी सुरू होतो. तो थांबला की पेपर दारावर आपटतो. वरच्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची गॅलरीत ओढत नेतात; ती उचलून नेता येते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुठे तरी मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी होते. मग घंटागाडी गाणं लावून येते. शिकवण अशी की आवाज आला तर येऊ द्या, त्याला नाव देऊ नका, परत संवेदनेकडे या. पंपाला नाव न देता राहता येतं. खुर्चीलाही प्रयत्नाने जमतं. कुकरच्या शिट्टीला जमत नाही. शिट्टी झाली की संसारी मन आपोआप मोजायला लागतं. ही दुसरी की तिसरी? डाळ असेल तर आता बंद करायला हवा. बटाटे असले तर अजून एक चालेल. स्वयंपाकघरात कुणी आहे ना? चौथी झाली आणि कुणाची पावलं वाजली नाहीत, की ध्यानमग्न माणसाच्या घशातून ‘गॅऽऽस’ असा शब्द बाहेर पडतो. चित्ताच्या इतक्या अवस्था पाली ग्रंथांत सांगितल्यात. ही राहून गेलेली दिसते.

घरची माणसं मुद्दाम त्रास देतात असं मुळीच नाही. ती फार जपतात, आणि अडचण तिथेच आहे. आईला कुणाचा फोन आला की मला ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज उतरवते आणि नेमकी माझ्या दाराशी येऊन उभी राहते. “हो, घरीच आहे. पण बसलाय. ध्यानाला. नाही, तब्येत बरी आहे. नाही गं, दोघांचं छान चाललंय.” आईच्या नेहमीच्या आवाजाकडे माझं बालपणापासून दुर्लक्ष करून झालेलं आहे. कुजबुजीची मला सवय नाही. मुलगा त्याहून सभ्य. तो दार अर्धं उघडून नुसता उभा राहतो. मिटल्या डोळ्यांनाही अर्धं उघडलेलं दार दिसतं. बराच वेळ गेल्यावर तो म्हणतो, “डिस्टर्ब नाही करत बाबा, बोलू नका, फक्त मान हलवा. प्रगतिपुस्तकावर तुमची सही चालेल का आईचीच लागेल?” या प्रश्नाला मान कशी हलवायची हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत.

आणि बेल. दिवसभर घरात माणसं नुसती बसून असतात तेव्हा ती वाजत नाही. बैठक सुरू झाली की इस्त्रीवाला येतो, कुरिअर येतं, गॅसचं मीटर बघायला माणूस येतो, वॉचमन रजिस्टर घेऊन येतो आणि ‘सर आहेत का, सहीच पाहिजे’ म्हणतो. १९९४ साली तिहार तुरुंगात, किरण बेदी तिथे महानिरीक्षक असताना, हजाराहून जास्त कैदी एका वेळी शिबिराला बसले. त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण संसारी साधकाला ती हकिकत वाचताना आदराबरोबर थोडी असूयाही वाटते. कैद्यांना कुरिअर येत नाही.

डासांचा मामला वेगळा, कारण त्यात शील गुंतलेलं आहे. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. तासभर हलायचं नाही असं अधिष्ठान करून संध्याकाळी बसावं, तर डास आधी कपाळावरून एक फेरी मारतो, मग कानाशी येऊन वर्दी देतो आणि अखेर पापणीवर मुक्काम करतो. खाज ही एक संवेदना, ती येते आणि जाते, असं शिकवलेलं असतं. येते याबद्दल माझी खात्री पटलेली आहे. आमच्या घरात यावर तोडगा निघाला तो बायकोने काढला. मी डोळे मिटले की ती विजेची रॅकेट घेऊन माझ्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घालते. चट्. चट्. “शील तुमचं, डास माझे,” असं कामाचं वाटप तिने करून टाकलंय. या चट्-चटचं कर्म कुणाच्या खात्यावर जमा होतं, हे सहायक आचार्यांना विचारावं असं अनेकदा मनात येतं. पण उत्तर काय मिळेल याचा अंदाज आहे, आणि डेंग्यूची साथही आहे.

हे झाले बाहेरचे अडथळे. आतल्यांची यादी परंपरेने करून ठेवली आहे. पाच नीवरणं, म्हणजे ध्यानातले पाच अडसर: वासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका. लोकलने घरी आलेल्या माणसाच्या अंगात वासना आणि द्वेष यांना पुरेल एवढी शक्ती नसते. अस्वस्थता महिनाअखेरीला येते. शंका घरचे घेतात. उरते सुस्ती, आणि ती एकटीच बाकी चौघांचं काम करते. पाठ ताठ, मान ताठ, श्वास येतोय, श्वास जातोय, आणि पुढच्या क्षणी हनुवटी छातीवर. मग डोकं झटक्याने वर. पुन्हा खाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, साधकाला कुणाचं तरी म्हणणं अगदी तंतोतंत पटतंय.

इथे अंगुत्तर निकायातलं एक सूत्र मोठा धीर देतं. महामोग्गल्लान म्हणजे बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक, ऋद्धिबळात पहिला मान त्यांचा. तेसुद्धा सुरुवातीच्या दिवसांत मगधातल्या एका गावी ध्यानाला बसून चक्क पेंगत होते, आणि बुद्धांनी ते पाहिलं. माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर पुढचा संवाद अगदी थोडक्यात झाला असता. बुद्धांनी मात्र उपाय सांगितले, एकामागून एक. ज्या विचारात असताना पेंग येते तो विचार सोड. तरी जात नसेल तर ऐकलेल्या धम्माचं मनात चिंतन कर. तरी नाही, तर तोच मोठ्याने म्हण. तरी नाही, तर दोन्ही कानांच्या पाळ्या ओढ आणि हातपाय चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, वर ताऱ्यांकडे बघ. मनात दिवसाचा उजेड आण. येरझारा घाल. आणि एवढं सगळं करूनही पेंग उरलीच, तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, उठायची वेळ मनाशी पक्की करून आडवा हो.

काय समजूतदार माणूस! कुठे रागावणं नाही, टोमणा नाही, आणि शेवटी झोपेलाही परवानगी. संसारी साधक हे सूत्र श्रद्धेने वाचतो आणि शेवटच्या उपायापासून सुरुवात करतो. अगदी प्रामाणिकपणे, उजव्या कुशीवर.

कानाच्या पाळ्या ओढण्याचा प्रयोग मी एकदा लोकलमध्ये केला. शेजारच्या गृहस्थांनी मांडीवरची बॅग उचलून दुसऱ्या बाजूला घेतली. एरवी लोकल ध्यानाला वाईट नाही. डोळे मिटलेल्या माणसाकडे तिथे कुणी बघत नाही. निम्मा डबा तसाच असतो. त्यातला कोण आनापान करतोय आणि कोण रात्रपाळीची झोप काढतोय, हे ठाण्यापर्यंत सांगता येत नाही. ठाणं आलं की झोपलेला माणूस डोळे न उघडता उठतो आणि बरोबर दारात जाऊन उभा राहतो. ध्यान करणारा घाटकोपरला उतरतो.

खरी पंचाईत मात्र या दोन तासांची नसून उरलेल्या बावीस तासांची आहे. शिबिर करून आलेल्या माणसाचा चिडण्याचा अधिकार घरच्यांनी परस्पर रद्द केलेला असतो. पूर्वी मी ‘माझा चार्जर कुणी घेतला?’ असं ओरडलो की घरात निदान शोधाशोध व्हायची. आता चार्जर तसाच राहतो आणि माझी तपासणी सुरू होते. “याच्यासाठी गेला होतास होय रे दहा दिवस?” आई विचारते. “समता, अहो, समता,” बायको भाजी चिरता चिरता म्हणते. आणि मुलगा, ज्याच्या खिशातून शेवटी चार्जर निघतो, तो शांतपणे सांगतो, “बाबा, श्वास बघा.” त्याला हे शाळेत शिकवतात. महाराष्ट्र सरकारचा ‘मित्र’ नावाचा उपक्रम आहे, त्यात शाळकरी मुलं रोज थोडा वेळ आनापान करतात. सरकारी योजना तळागाळापर्यंत पोचत नाहीत अशी तक्रार असते. ही आमच्या हॉलपर्यंत पोचली आहे.

बरं, न चिडून तरी सुटका व्हावी! एकदा बायको तिच्या ऑफिसातल्या राजकारणाबद्दल तावातावाने सांगत होती. मी मध्ये काही न बोलता, सल्ला न देता, चेहऱ्यावर शांत भाव ठेवून ऐकत होतो. मला वाटलं, जमलं. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “मी जीव तोडून सांगतेय आणि तुम्ही तिथे संवेदना बघत बसलायत?” दुसऱ्या दिवशी आईने माझं ब्लडप्रेशर मोजायला लावलं.

तेव्हा ‘आम्हाला संसार आहे हो’ ही सबब काढायचा फार मोह होतो. पण या परंपरेने ती कधीच मोडीत काढून ठेवली आहे. ब्रह्मदेशातले सया थेटजी शेतकरी होते. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन हे १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. म्हणजे देशभराचं ऑडिट ज्याच्या टेबलावर येतं तो माणूस. त्यांनी १९५० मध्ये आपल्या कार्यालयातच विपश्यना मंडळ काढलं. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. कारखाने, एकत्र कुटुंब, सहा मुलगे. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशी जावी म्हणून, आणि डोकेदुखीसाठी ही विद्या नाही असं म्हणत गुरूंनी आधी त्यांना परत पाठवलं. तेच गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, आणि १९७६ पासून इगतपुरीची घंटा वाजतेय. शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी. यांच्यापुढे माझं ‘मार्च एण्डिंग आहे’ हे कारण कसं टिकणार? मार्च एण्डिंग महालेखापालाला सांगून उपयोग नाही.

मग मन लेण्यांकडे धाव घेतं. जुन्या भिक्षूंचं बरं होतं. डोंगरात कोरलेली खोली, दगडी ओटा, पावसाळ्यात समोर धबधबा. पण कार्ले, भाजे, नाशिक ही लेणी व्यापारी वाटांच्या कडेने आहेत, आणि वाट म्हटली की बैल आले, तांडे आले, आरडाओरडा आला. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत; त्यांत गंध विकणारा आहे, सुतार आहे. दान देणारा माणूस काम कुठवर आलंय ते बघायला येणारच. कान्हेरीला तर शंभराहून जास्त लेणी, आणि खोदकाम कित्येक शतकं चाललेलं. म्हणजे एका लेण्यात भिक्षू श्वास बघतोय आणि पलीकडच्या लेण्यात छिन्नी-हातोडा चालू आहे, असं झालंच असणार. वरच्या मजल्यावर बाथरूमच्या टाइल्स फोडायला काढल्या तेव्हा या विचाराने मला तगवलं. टाइल्सचं काम दिवाळीच्या आत संपलं. कान्हेरीतल्या भिक्षूच्या हयातीत पलीकडचं लेणं संपलं नसणार.

घरी जमत नाही म्हणून माणसं आठवड्याच्या सामूहिक बैठकीला जातात. ती आमच्या भागात एका साधकाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरते. सोफा भिंतीला, सतरंजी मध्ये, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून गोएंकाजींचा तो खोल, शेवटचा स्वर लांबवणारा आवाज. एक जण असतो, त्याचा गुडघा दर वीस मिनिटांनी ‘कट्’ करतो. एकाला हॉलमध्ये पाय ठेवला की खोकला आठवतो. यजमानीणबाई फार सुगरण. शेवटच्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात मोहरी तडतडते, पाठोपाठ कढीपत्ता, मग कांदा. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मन फिरवताना ते नाकाशी आलं की पुढे हलत नाही. पोहे झाल्यावर सगळ्यांचा चेहरा इतका प्रसन्न असतो की हे ध्यानाचं फळ की कांद्याचं, याची चर्चा कुणी करत नाही.

कॉलनीतल्या बुद्धविहारात असले लाड नाहीत. तिथे वंदना झाली की थोडा वेळ सगळे शांत बसतात. पोरं चुळबुळतात, पंखा खडखडतो, बाहेर कुणी तरी स्कूटर चालू व्हावी म्हणून किक मारत राहतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी असतात. पाठीला भिंत नाही, खाली उशी नाही, बसल्या की बसल्या. एकदा बाहेर चपला घालताना मी विचारलं, “जय भीम आजी. एवढ्या गोंगाटात तुमचं मन लागतं कसं?”

“जय भीम. सहा लेकरं वाढवली चाळीतल्या एका खोलीत,” आजी म्हणाल्या. “गोंगाट कुठं होता?”

मी डाव्या पायात उजवी चप्पल घातली आणि निघालो.

गेल्या वर्षी बायकोनेच शिबिराचा फॉर्म भरला. जाण्यापूर्वी तिने फ्रिजच्या दारावर सूचनांचा कागद लावला. त्यात गॅसवाल्याचा नंबर, कामवाल्या बाईंच्या रजेचे दिवस, आईच्या गोळ्या आणि अगदी तळाशी ‘जिरं निळ्या झाकणाच्या डब्यात’ असं होतं. ते दहा दिवस आमचे कसे गेले यावर न बोलणं बरं. निळ्या झाकणाचे डबे तीन निघाले. ती परत आली, जिना सावकाश उतरू-चढू लागली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसायची तयारी करू लागली. मी मनात म्हटलं, आता कळेल हिला. बेल आहे, कुकर आहे, आई आहे, प्रगतिपुस्तक आहे.

बसण्याआधी तिने आम्हा तिघांना हॉलमध्ये बोलावलं आणि अगदी मंद, मैत्रीने ओथंबलेल्या आवाजात म्हणाली, “मी बसलेली असताना कुणी हाक मारली, तर मी उठेन.”

त्या तासात घरात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. बेल वाजायच्या आत मुलगा दारात जाऊन उभा होता आणि इस्त्रीवाल्याला खुणेनेच कपडे मोजून देत होता. आईने फोन बंद करून ठेवला. हेच संरक्षण मलाही मिळावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य, त्याच आवाजात, सगळ्यांना म्हणून दाखवलं.

“उठाच,” बायको म्हणाली, “दूध संपलंय.”